सहा इंची खिळा

१९६१ साल, माझं वय सव्वीस. मद्रासला तिरुवल्लिक्केणीत एका मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी आई राहत होतो. शाळा म्हणाल तर तमिळ तिसरी. मराठी अक्षरं आईनं शिकवली, तीही पोथी वाचता यावी म्हणून. तेव्हा या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर वाचणाऱ्यांनी खुशाल दुरुस्त करून घ्यावं. करंटच्या बाबतीत मात्र मला दुरुस्त करायला कोणी येऊ नये. आजवर एकदाच मी त्यात दुरुस्त झालो, आणि ते काम केलं एका खिळ्यानं.

आमच्याकडे विजेला वीज म्हणत नाहीत. वीज ती आभाळातली. घरात येतो तो करंट, त्याचं येतं ते करंट बिल, आणि तो घरात आणून सोडणारा तो वायरमन. मी वायरमन. माझे वडील तंजावरला लग्नामुंजीत स्वयंपाक करायचे. त्यांच्या मुलानं खांद्याला चामड्याची पिशवी लावून शिडीवर चढावं हे नातेवाइकांना काही पटलं नव्हतं. "तुकोजी, ब्राह्मणाच्या पोरानं चामडं मिरवावं का रे?" असं तोंडावर विचारायचे. आणि त्यांच्याच घरातला दिवा गेला की मलाच बोलावणं! मी जायचो, दिवा लावायचो, पिशवी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर आपटायचो.

नायडू मेस्त्रींच्या हाताखाली मी काम शिकलो. त्या वेळी वायरिंग भिंतीच्या आत पुरत नसत. सागवानाची पट्टी भिंतीवर ठोकायची आणि तिच्यावर रबराची वायर पत्र्याच्या क्लिपा दाबून बसवायची. पट्टी सरळ गेली की नाही यावर वायरमनची लायकी ठरे. माझी पट्टी दोरी धरल्यासारखी जायची. मेस्त्री डोळा मिटून एका टोकाकडून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे ती शाबासकी.

मीटरचंही सांगून टाकतो, पुढे लागेल. काचेच्या आत एक ॲल्युमिनियमची चकती असते, काठावर काळी खूण असते. घरात करंट वापरला की चकती फिरते. जास्त वापरला तर भराभर, कमी वापरला तर रमतगमत. काहीच वापरलं नाही तर चकती गप्प उभी. यापलीकडे मीटरला काही कळत नाही. पण लोकांना हे पटवणं कठीण. मैलापूरचे एक गृहस्थ दिवसा मीटरवर पंचा पांघरून ठेवायचे, त्याला उजेड दिसला की तो जास्त पळतो म्हणून. त्यांच्याच शेजारच्या मामी दर शुक्रवारी मीटरला हळदकुंकू लावायच्या. बिल दोघांचं सारखंच यायचं. मामी मात्र जास्त आनंदात असायच्या.

आता खिळा.

तंजावरकडच्या आपल्या लोकांच्या घरी काम संपवून मी पिशवी आवरायला लागलो की आतून हाक यायचीच. "तुकोजी, तेवढी माझी दांडी टांगून दे रे बाबा." ही दांडी म्हणजे सोवळ्याचं लुगडं वाळत घालायचा बांबू. तो छताखाली, कोणाचा हात पोचणार नाही असा टांगायचा. पहाटे स्नान झालं की धुतलेलं लुगडं लांब काठीच्या टोकानं वर चढवायचं, दुसऱ्या दिवशी काठीनंच उतरवायचं. मध्ये कोणी शिवायचं नाही. बांबू दोन दोऱ्यांवर आणि दोऱ्या दोन खिळ्यांवर. ओलं नऊवारी लुगडं पाणी पिऊन म्हशीसारखं जड होतं, म्हणून खिळा चांगला सहा इंची. तो मी पदरचा मारून द्यायचो. त्याचा पैसा कधी घेतला नाही. मेस्त्री कुरकुरायचे, पण मला त्याचा मोठा अभिमान होता. तुकोजीनं वायरिंग केलं की दांडी फुकट, असं आपल्या लोकांत बोललं जायचं.

त्या वर्षी अड्यारला एक नवी दुमजली इमारत उठली. चार छोटे छोटे फ्लॅट. सगळं वायरिंग माझं. वरच्या एका फ्लॅटमध्ये दसऱ्याला वेंकोबराव राहायला आले. एका कचेरीत कारकून, बारीक अंगाचे, काळजीनं आणखी बारीक झालेले. बायको रुक्मा, आणि आई सुंदराक्का. सुंदराक्का सत्तरीच्या पुढच्या, कडक सोवळ्याच्या. जीभही सोवळ्यासारखीच, कोणाची भीड न ठेवणारी. सगळा जन्म तंजावरात गेला. थोरल्या मुलाकडे तिथं त्यांचं थोरल्या सुनेशी जमेना, इथं रुक्माशी मात्र गूळखोबरं. त्या मला म्हणाल्या, "हे काय रे घर? डबा आहे डबा! पण माझी रुक्मा आहे ना त्यात, मग डबाच बरा." आणि लगेच, "माझी दांडी?"

मी स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन खिळे मारले. दणदणीत. सुंदराक्कांनी काठीनं बांबू हलवून बघितला आणि मला शेवयाची खीर दिली.

पहिलं बिल आलं आणि वेंकोबराव माझ्या घरी. खाली राहणाऱ्या मास्तरांच्या घरी तेवढेच दिवे, तसाच एक पंखा, त्यांना सहा रुपये. यांना सोळा.

"तुकोजी, तुझं वायरिंग काय करंट पितं का रे?"

हे मला झोंबलं. मी म्हटलं, "माझं वायरिंग उपाशी राहील, दुसऱ्याचं खाणार नाही." आणि रविवारी दुपारी दोनला गेलो. दोनलाच का, तर त्याआधी सुंदराक्कांचं सोवळं. स्वयंपाक, नैवेद्य, जेवणं उरकेपर्यंत परक्याला आत पाऊल नाही आणि चामड्याच्या पिशवीला तर जिन्याच्या वर मज्जाव. दोन वाजता सगळे दिवे, पंखा, रेडिओ बंद केले आणि जिन्याखाली मीटरपाशी बसलो. पाच मिनिटं काळी खूण बघत होतो. तसूभर हलली नाही. म्हणजे गळती नाही. वायरिंग साफ.

मी छाती काढून वर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "वायरिंग निर्दोष आहे. करंट घरातलं माणूस खातंय."

हे वाक्य मी बोललो. आज साठ वर्षं होत आली, त्याचे शब्द अजून तोंडात कडू लागतात.

दिवसभर घरात कोण? रुक्मा दुपारी शिवणाच्या वर्गाला जायची. राहिल्या सुंदराक्का. दुसऱ्या दिवसापासून वेंकोबराव पंख्याच्या रेग्युलेटरची खुंटी काढून खिशात घालून कचेरीला न्यायला लागले. खुंटीशिवाय पंखा लागत नाही. दिवे काढून पंधरा वॉटचे बल्ब लावले. त्या उजेडात रुक्मानं एकदा सांबारात दोनदा मीठ घातलं. वेंकोबराव ते मुकाट्यानं जेवले, कारण दिवा त्यांनीच बदलला होता.

दुसरं बिल आलं. बावीस!

मी पुन्हा दुपारी दोनला. पुन्हा चकती गप्प. या वेळी सुंदराक्का दारात उभ्या राहिल्या.

"तुकोजी, मला एक सांग. बाहेर पाऊस, कार्तिकातली थंडी. मी शाल घेऊन बसते. थंडीत पंखा कोण लावतं रे?"

"मला काय ठाऊक अक्का? मीटर खोटं बोलत नाही."

"मीटर बोलत नाही, तू बोलतोस. आणि आणखी एक. सकाळी काठीनं लुगडं सारखं करताना हात झिणझिणतो माझा."

"वय झालं अक्का. तेल लावा."

तेल लावा म्हणालो! हातात पक्कड घेऊन उभा असलेला वायरमन! मेस्त्रींना कळलं असतं तर त्यांनी मला त्याच पक्कडीनं मारलं असतं. पण मला पट्टी सरळ दिसत होती, क्लिपा बरोबर अंतरावर दिसत होत्या, त्यापुढे मला काही दिसत नव्हतं.

धनुर्मास लागला. पहाटेच पूजा, पहाटेच पोंगलचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, नैवेद्य, सुंदराक्कांचं स्नान चार वाजता. त्या महिन्यात वेंकोबरावांना मीटर बघायचं वेडच लागलं. सकाळी उठल्यावर आकडा लिहायचे, रात्री लिहायचे. आकडा फुगतच होता. शेवटी त्यांनी तोडगा काढला. अम्माला काही दिवस तंजावरला थोरल्या अण्णाकडे ठेवू. उष्ण हवा आहे, मोठं घर आहे, तिला मानवेल. काही दिवस म्हणजे किती ते सगळ्यांना समजलं. सुंदराक्का एवढंच म्हणाल्या, "सरी, बरं. मला चोर म्हणून ठेवून घेण्यापेक्षा पाहुणी म्हणून धाड." रुक्मा दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट. गुरुवारी मला निरोप आला. सुंदराक्कांना जाताना त्यांची दांडी बरोबर हवी होती. तीस वर्षं वापरून तुळतुळीत झालेला बांबू, तो त्या इथं सोडणार नव्हत्या. शुक्रवारी मला दिवसभर दुसरीकडे काम, म्हणून मी सकाळी साडेसहालाच सायकल काढली. सोवळं असलं तरी जिन्यात थांबेन, बांबू बाहेरूनच घेईन आणि दोरी बांधून देईन, असा विचार.

ते राहायला आल्यापासून सकाळी मी त्या घरी पहिल्यांदाच जात होतो.

पिशवी जिन्याखाली ठेवायला वाकलो आणि मीटर दिसला. चकती फिरत होती. फिरत म्हणजे चक्क धावत होती. काळी खूण येते न येते तोच परत येत होती.

मी वर ओरडलो, "वेंकोबराव! काय काय चालू आहे?"

ते वरून वाकून म्हणाले, "काही नाही. एक दिवा होता तोही विझवला. का रे?"

"रेडिओ?"

"बंद."

"पंखा?"

त्यांनी खिशातून खुंटी काढून दाखवली.

चकती धावतच होती. खरं सांगतो, मला आनंद झाला. चोर सापडला होता! घरातलं माणूस नव्हतं, हे तर डोळ्यांनी दिसत होतं. पण मग कोण? दुपारी जे नसतं आणि सकाळी असतं, असं या घरात काय आहे?

मी वर गेलो. दारातूनच विचारलं, "अक्का, आत्ता घरात असं काय आहे, जे दुपारी नसतं?"

"मी आहे. दुपारीही असते," सुंदराक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांचा सूर घुश्शातला होता. "ओलं लुगडं आहे. दुपारपर्यंत वाळतं ते."

मी दारातूनच स्वयंपाकघरात वर बघितलं. दांडीवर लुगडं टपटप गळत होतं. दोरी भिजली होती. दोरीवरून पाणी खिळ्यावर, खिळ्यावरून भिंतीवर. भिंतीवर खिळ्यापासून जमिनीपर्यंत ओलीचा एक काळा पट्टा. त्या भिंतीच्या पलीकडे पॅसेज. आणि पॅसेजमध्ये, अगदी त्याच उंचीवर, माझी दोरी धरल्यासारखी सरळ पट्टी.

तंजावरातली भिंत दोन हात जाड. तिच्यात सहा इंची खिळा मारला तर भिंतीला कळतही नाही. फ्लॅटमधली भिंत साडेचार इंची! हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वायर ओवायला त्या भिंतीला भोक मीच पाडलं होतं. पण पट्टी ठोकताना मी वायरमन असायचो आणि दांडी टांगताना मी तंजावरचा असायचो. हे दोघे एकमेकांशी कधी बोललेच नाहीत.

"अक्का, काठीला हात लावू नका. कोणीच लावू नका!" एवढं ओरडून मी खाली धावलो आणि मेन बंद केला. मग पॅसेजमध्ये स्टुलावर चढून क्लिपा उघडल्या, वायर बाजूला केली. पट्टीला मागून भोक पडलं होतं आणि त्यातून माझ्या खिळ्याचं टोक दातासारखं बाहेर आलं होतं. वायरचं रबर तिथं सोललेलं, लाकूड काळं पडलेलं. लुगडं ओलं असलं की दोरी ओली, खिळा ओला, भिंत ओली, आणि करंट आरामात भिंतीतून जमिनीत. जितकं पाऊसपाणी, जितकं स्नान पहाटे, तितकं लुगडं जास्त वेळ ओलं, आणि तितकं बिल मोठं. दुपारी मी यायचो तोवर सगळं वाळून खडखडीत.

मी स्टुलावर उभा. खाली वेंकोबराव, रुक्मा. स्वयंपाकघराच्या दारात सुंदराक्का. स्टुलावरून टोक फक्त मलाच दिसत होतं.

"काय सापडलं?" वेंकोबरावांनी विचारलं.

उंदीर, असं माझ्या तोंडात आलं होतं. उंदरानं वायर कुरतडली, मी बदलून देतो. कोणी काही म्हटलं नसतं. उंदीर तर मुळीच नाही. माझं नाव राहिलं असतं, सुंदराक्काही राहिल्या असत्या. पण माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. त्याच हातानं त्या दोन-अडीच महिने रोज पहाटे काठी त्या दांडीला लावत होत्या. काठीचा कोरडा बांबू आणि देव, या दोघांनीच त्यांना वाचवलं होतं. आणि मी म्हणालो होतो, तेल लावा.

"खिळा," मी म्हटलं. "दांडीचा खिळा आरपार आलाय. वायरला लागलाय."

मग सुंदराक्काच म्हणाल्या, "म्हणजे माझंच खूळ नडलं म्हणा. दांडी मीच मागितली होती."

त्यांना सगळं समजलं होतं. त्या मला वाचवत होत्या! ज्याच्या शब्दावरून त्यांची पेटी बांधली गेली, त्याला. मला ते सोसलं नाही.

"दांडी तुम्ही मागितलीत, अक्का. खिळा मी मारला. माझ्याच भिंतीत, माझ्याच वायरमध्ये. तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मी दोनदा ऐकलं नाही." मग वेंकोबरावांकडे वळून म्हटलं, "करंट घरातलं माणूस खात नव्हतं. वायरमननं सांडला. जास्तीचं बिल माझ्याकडून घ्या."

वेंकोबराव काही बोलायच्या आत रुक्मा वळली, दाराशी बांधून ठेवलेल्या वळकटीपाशी बसली आणि दोरीची गाठ सोडायला लागली. गाठ वेंकोबरावांनी मारलेली, घट्ट. तिनं दातांनी सोडवली. "आत्याबाई, पेटीची किल्ली द्या," ती म्हणाली. तेवढंच.

वेंकोबराव आईच्या समोर उभे राहिले. हात खिशात गेला. मग त्यांनी खुंटी काढली आणि आईपुढे धरली. आई सोवळ्यात, म्हणून हातात देता येईना. खाली ठेवली, पुन्हा उचलली, काय करावं ते कळेना त्या बिचाऱ्याला.

"लाव ती जागेवर," सुंदराक्का म्हणाल्या. "लावलीस? तुकोजी, तुझं काम झालं की मेन चालू कर."

मी खिळा उपटला, वायरचा तो तुकडा बदलला, मेन चालू केला. खाली जाऊन बघितलं. लुगडं अजून ओलं, आणि चकती गप्प. कधी कोणाला गप्प बसलेलं बघून इतका आनंद झाला नसेल. वर आलो तर सुंदराक्का मधल्या खोलीत पंख्याखाली शाल गुंडाळून बसलेल्या.

"वेंकोबा, आता लाव पंखा."

"अम्मा, थंडी आहे."

"माहीत आहे. किती आकडे आहेत त्याला?"

"पाच."

"पाचावर ठेव."

आणि धनुर्मासातल्या त्या थंडीत, सकाळी आठ वाजता, आम्ही चौघं भरवेगातल्या पंख्याखाली कुडकुडत बसलो. रुक्मानं गरम पोंगल आणि काफी आणली. वेंकोबरावांचे दात वाजत होते, रुक्मा तोंडाला पदर लावून हसत होती. सुंदराक्का मधूनमधून वर पंख्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "छान वारा आहे हो या घराला!" पंधरा मिनिटांनी त्यांनाच शिंका आल्या, तेव्हा पंखा बंद झाला.

जास्तीचं बिल वेंकोबरावांनी माझ्याकडून घेतलं नाही. म्हणाले, "तू कबूल केलंस, तेवढं पुरे." पण ही गोष्ट त्यांनी कचेरीत सांगितली, कचेरीतून ती मद्रासमधल्या सगळ्या तंजावरकरांत गेली, आणि पुढची दहा वर्षं मला लोक सहा इंची तुकोजी म्हणून ओळखत. आधी राग यायचा. मग लक्षात आलं की बोलावणारे बोलावतच आहेत. एक बाई तर म्हणाल्या, "तुम्हालाच बोलावणार. एकदा चुकलाय तो आता कशाला चुकेल?"

खिळा सापडला त्या शुक्रवारी बाकीच्या कामात माझं लक्ष नव्हतं. त्या वर्षी मी आणखी किती पातळ भिंतींत फुकटचे खिळे मारले ते आठवत होतो. नऊ घरं निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला उठलो, मेन बंद केला आणि स्टूल घेऊन पहिल्या घराच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ते घर माझंच. आईची दांडी वर, लुगडं गळत होतं.

आई अंधारातूनच म्हणाली, "अंघोळ केलीस?"

"खिळा बघायचाय, आई."

"खिळा पळून जात नाही. आधी अंघोळ."

मी परत फिरलो, विहिरीवर चार घागरी अंगावर ओतल्या, ओला पंचा नेसून आलो, पक्कड पाण्यात बुडवून घेतली, स्टुलावर चढलो आणि खिळा उपटला. खिडकीच्या उजेडात टोक बघितलं. स्वच्छ होतं. तरी त्याच्या जागी दोन इंची दोन खिळे मारले, आईला काठीनं दांडी हलवून बघायला लावली, आणि उरलेल्या आठ घरांसाठी दोन इंची खिळ्यांची पुडी खिशात टाकून सायकल काढली.